मोगऱ्याच्या कुंडीतलं शेत

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून एक शेत उपटलं जाणार होतं. थोडक्यात वाचलं.

नवीन पनवेलमधलं आमचं अंगण म्हणजे जेमतेम दहा पावलं. त्यात मिरची, वांगी आणि सध्या वेड्यासारखा फुललेला मोगरा. मोगऱ्याच्या कुंडीत गवत माजलं होतं, म्हणून खुरपं घेऊन बसले. तेवढ्यात भाजीवाल्या हिरामावशी फाटकातून ओरडल्या, "अगं, उपटू नको! गवत नाय, भात हाय तो."

टोपली उतरवून त्या जवळ आल्या. "माती कुठनं आणलीस?"

"करंजाड्याहून. बिल्डिंगचा पाया खणत होते, तिथून दोन गोण्या."

"चिंचेजवळ?"

"हो, चिंचेजवळच."

मावशींनी चिमूटभर माती बोटांत चुरली. "गेल्या सालापर्यंत आमी तिथंच भात लावायचो."

मी खुरपं बाजूला ठेवलं.

मग मी जुना टब आणला आणि सवयीने त्याला भोकं पाडायला निघाले, तर त्यांनी हात धरला. "भाताला पानी उभं लागतं." सात रोपं त्यांनीच अलगद काढून तात्पुरती टबात रोवली.

आता संध्याकाळ झालीय. टबात पाणी उभं आहे, पाण्यात आभाळ आणि आभाळात सात हिरवी पाती. मला तर त्यात चिंचेची सावलीही दिसतेय.

जाताना मावशी सांगून गेल्या, "पाऊस लागला की लावनीला येते."

सात रोपांच्या लावणीला एक टब पुरायचा नाही. कुणाकडे बिनभोकाचा जास्तीचा टब आहे का?