नऊ अंशांवरची केळी

माझ्या मावशीला केळ्यांतलं काही कळत नाही, असं जो म्हणेल त्याचं थोबाड फोडावं असं मला वाटतं. आणि म्हणालं कोण? तर जावईबापू! मालकांचे जावई. उभ्या जन्मात केळं सोलून खाण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं नाही.

सव्वीस वर्षं मावशीने केळ्यांच्या गोदामात माल पिकवला. हिरवीगार, दगडासारखी कडक केळी खोक्यांतून यायची. मावशी ती बंद खोलीत रचायची, फळ पिकवायचा गॅस दिवसभर द्यायची, मग दारं उघडून हवा खेळवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळ्याधमक फण्या बाहेर. यंत्रावर आकडे दिसायचे, पण ती आधी दार किलकिलं करून वास घ्यायची. "उद्या दुपारी काढा," म्हणाली की उद्या दुपारीच. मी तिथे खोकी भरायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला झापलं होतं, "केळीचं झाड म्हणू नकोस गं. झाड नाही ते, नुसती पानांची गुंडाळी. एकदा घड दिला की संपली बिचारी."

मालकांना साखरेचा आजार. म्हणून ती रोज त्यांच्यासाठी एक केळं स्वतः निवडायची, पिवळं पण देठाशी हिरवट. फार पिकलं की आतल्या पिठाची सगळी साखर होते, ते त्यांना चालायचं नाही. पंधरा वर्षं हे चाललं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात धरलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोन दिवस जोडून सुट्टी आली. जाताना मावशीने कच्च्या मालाची खोली चौदा अंशांवर लावली, दारावरच्या तक्त्यात लिहिलं आणि कुलूप घातलं. सुट्टी संपल्यावर सकाळी आम्ही दोघींनी दार उघडलं, तर आकडा नऊ! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"मीच केलं," जावईबापू खोलीची दुसरी चावी बोटावर फिरवत मागून म्हणाले, तेही ऐटीत. "थंडीत माल जास्त टिकतो. घरी भाजी नाही का फ्रिजमध्ये ठेवत?"

"अहो, ही भाजी नव्हे. केळ्याला थंडी बाधते," मावशी म्हणाली. तिने तक्त्यात 'नऊ' लिहिलं, खोली सावकाश गरम केली, दुसऱ्या दिवशी गॅस दिला. पाच दिवस झाले, सहा झाले, पिवळेपणाचं नाव नाही. सालीवर राखेसारखी मरगळ. आठशे खोकी वाया!

मग मालकांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर कागद तयार होता. 'मी गॅस द्यायला विसरले' असं त्यावर लिहिलेलं, खाली सहीची जागा. दारावरचा तक्ताही रातोरात बदललेला, नव्या तक्त्यात सगळीकडे सुबक अक्षरात चौदा, चौदा, चौदा. काय म्हणावं या माणसांना!

मावशीने कागद वाचला आणि बाजूला सारला. तिने त्या मालातली एक फणी टेबलावर ठेवली आणि एका केळ्याची साल नखाने खरवडली. आत तपकिरी रेघा होत्या, दोऱ्यासारख्या. "मालक, हे तुम्हीच मला शिकवलंत. या रेघा कशाच्या?"

मालकांनी रेघा पाहिल्या. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं, कारण त्यांनी मान फिरवली. "सही कर गं," ते पुटपुटले. "घरातला प्रश्न आहे. तुला कामावरून काढणार नाही."

"आणि उद्यापासून सगळे म्हणणार, हिला गॅस द्यायचं ध्यानात राहत नाही?" मावशीचा आवाज चढला. "गॅस नाही दिला तरी केळं आपलंआपण पिकतं मालक, चार दिवस उशिरा, पण पिकतं. थंडीने मारलेलं नीट पिकत नाही. ही फणी इथेच ठेवा. पिवळी झाली तर मी येऊन सही करते."

जावईबापू माझ्याकडे वळले. "तू होतीस ना? किती होता आकडा?"

आणि मी, जिने डोळ्यांनी नऊ पाहिला होता, ती मी खाली बघत राहिले. घराचं भाडं आठवलं मला, मुलीची शाळा आठवली. आज हे लिहिताना माझा मलाच संताप येतो. मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, चावी टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली.

फणी टेबलावरच राहिली. मी रोज डोकावायचे. पिवळी कसली होतेय, काळी पडत गेली. नवव्या दिवशी मालक स्वतः मावशीच्या घरी गेले, "झालं गेलं विसर, परत ये," म्हणाले. मावशीने चहा दिला आणि एकच मागणी केली, सुट्टीनंतरच्या त्या तारखेपुढे नव्या तक्त्यात तुमच्या हाताने 'नऊ' लिहा. मालक उठले. चहा तसाच राहिला.

आता मावशी कोपऱ्यावर हातगाडी लावते. घरातल्या मागच्या खोलीत थोडा-थोडा माल पिकवते. परवा संध्याकाळी मी तिथे उभी होते, तेवढ्यात मालकांचा ड्रायव्हर आला, मान खाली घालून. साहेबांसाठी एक केळं हवं होतं. नवीन माणूस देतो ते खाऊन साखर वाढतेय म्हणे.

माझं डोकंच फिरलं. "दे त्यांना काळं पडलेलं! ठिपक्याठिपक्यांचं दे! भोगा म्हणावं आता!"

मावशी तेवढ्यात फण्या उलटसुलट करून बघत होती. एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, देठाशी हिरवट असलेलं, आणि ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"इतकं सगळं करूनसुद्धा?" मी ओरडलेच.

"सव्वीस वर्षांत चुकीचं केळं माझ्या हातून गेलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मालकांच्या खोलीत एवढंच सिद्ध करायचं होतं मला. ते तुला माहीत होतं, आणि तू गप्प बसलीस."

मग तिने मलाही एक केळं दिलं. चांगलं पिकलेलं होतं. मला ते गिळवेना.