आत्याच्या पेटीतल्या पत्र्याच्या कोंबड्या

दसरा झाला की आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि आम्ही भावंडं शिरूरला आत्याजवळ राहायचो. आत्या जत्रांतून खेळणी विकायची. जमिनीवर पोतं अंथरायचं, दिवसभर त्यावर माल मांडायचा, रात्री त्यावरच निजायचं. विक्री नाही झाली की आमच्या ताटात भाकरी अन् तिखट. पण उपाशी तिनं एक दिवस ठेवलं नाही, आणि त्याच पोत्यावर बसून मला बी.कॉम. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.

यंदा तिचे गुडघे पार गेले, खाली बसवेना. बसस्टँडजवळ एक गाळा रिकामा होता. अनामत भरायला मालकानं दिवाळीपर्यंत मुदत दिली.

पैसा कुठून आणायचा, म्हणून आम्ही तिची जुनी पेटी उपसली. तळाशी चावीच्या पत्र्याच्या कोंबड्या निघाल्या, खोक्यांसकट. चावी दिली की टकटक दाणे टिपणाऱ्या. प्लास्टिक आलं आणि त्या खपायच्या थांबल्या होत्या. ज्या विकल्या गेल्या त्या पोरांनी मोडल्या, भंगारात गेल्या. ज्या कुणी घेतल्या नाहीत, त्या तेवढ्या उरल्या. जुन्या खेळण्यांचे लिलाव मोबाईलवर चालतात हे मला बीडला कॉलेजात असताना कळलं होतं.

चुलते हसले. "पत्र्याच्या कोंबडीला कोन पैसं देतंय? अंडी देती का ती?"

पहिली कोंबडी लिलावात टाकली. पुण्याचा एक आणि नागपूरचा एक, असे दोन शौकीन तिच्यावर अडून बसले. आत्या मोबाईलवरून नजर काढेना. "ह्यो नागपूरवाला लई जिद्दीचा हाय. हटंना." त्या एका कोंबडीला बोकडाची किंमत आली.

आत्याला जत्रेची सवय. शेवटच्या दिवशी उरला माल एकदम काढून मोकळं व्हायचं. "टाक अजून चार, एकदाच." टाकल्या. एक नागपूरला गेली, एक पुण्याला, आणि दोघांचं भांडणच मिटलं. बाकी दोन मिळेल त्या भावात गेल्या. वर लोक विचारू लागले, अजून किती आहेत? पोतंभर निघाल्या तर आपण मूर्ख ठरू, या भीतीनं सगळ्यांनी हात आखडला.

मी म्हणाले, "आत्या, आकडा सांगायचा न्हाई. भाव अजून पडंल."

"कावून? चोरीचा माल हाय का आपला? मेंढरं उघड्यावर इकत्यात, पदराखाली न्हाई."

राहिलेल्या सहा कोंबड्या तिनं बाजेवर ओळीनं बसवल्या, शेजारी पेटी उघडी ठेवली आणि मला फोटो काढायला लावला. खाली लिहायला लावलं: एवढ्याच आहेत. माझी अट मी घातली, एका वेळी एकच. तीही तिनं ऐकली.

पुढची कोंबडी सावकाश चढली. त्यापुढची चढतच गेली. मागं किती उरल्या हे आता सगळ्यांना दिसत होतं, आणि ज्याची एक हुकली तो पुढच्या वेळी ईर्षेनं यायचा. हैदराबादचाही एक जण त्यात शिरला.

तीन उरल्या तेव्हा पुणेवाल्याचा फोन आला. "मावशी, तिन्ही मलाच द्या, लिलाव कशाला?" भाव वाईट नव्हता, दिवाळी तोंडावर आली होती. तिच्या जागी मी असते तर हो म्हणाले असते.

"सगळ्यांस्नी लिलावाची जबान दिलीय," आत्या म्हणाली. "तुमीबी या, बोली लावा."

"फार कडक आहात हो."

"जत्रंत बसून बसून झाले."

त्या तिन्ही एकेक करून लिलावातच गेल्या, आणि शेवटचीला सगळ्यांत जास्त भाव आला. चुलते विचारत आले, "आमच्या घरचं पत्र्याचं डबडं चालंल का?"

"चालंल की," आत्या म्हणाली. "पानी भरायला."

दिवाळीच्या आधी अनामत भरली. बसस्टँडजवळ आता आत्याचं दुकान आहे, आणि ती खुर्चीवर बसून खेळणी विकते.