तिरक्या कुणग्याची उंची

भाद्रपदातल्या ओल्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, बाबा चिव्याच्या बांबूची मापाची काठी टाकत चालले होते, आणि फुलोऱ्यावर आलेल्या भाताचा दुधाळ, ऊबदार वास साऱ्या शेतावर दाटला होता... काका वारल्यावर आमच्या दोन कुणग्यांची, म्हणजे भातखाचरांची, वाटणी चालली होती. उभं पीक तुडवणं पाप, म्हणून आमच्याकडे माप नेहमी बांधाबांधानंच घेत. दोन्ही कुणगे वीस काठ्या लांब, बारा रुंद भरले. एक सरळ काटकोनी, दुसरा व्हाळाच्या, ओढ्याच्या, कडेनं कललेला. "दोनय सारखेच," बाबा म्हणाले, आणि कललेला काकीच्या वाट्याला गेला. तेव्हा कोणाच्याही मनात खोट नव्हती.

दोन वर्षांनी शाळेत बाईंनी पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन घेतला, त्याच्या एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावला, आणि त्याचा आयत झाला. क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची — तिरकी बाजू नव्हे! मला काकीचा कललेला कुणगा आठवला. कापणीनंतर तिच्या रिकाम्या कुणग्यात, ओल्या पेंढ्याच्या कोंदट गंधात, मी काठी टाकत एका लांब मेरेवरून समोरच्या मेरेपर्यंत काटकोनात सरळ गेले. बारा नव्हे, नऊच काठ्या. काकीची जमीन आमच्यापेक्षा चौथाईनं कमी होती. बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली विडी न पेटवताच कानामागे खोचली.

"गप रव. ह्यां खंय बोलू नको."

काकीचा तांदूळ शिमग्याआधीच संपे. मग ती काजूच्या कारखान्यात जाई. बिया फोडून काळवंडलेल्या तिच्या बोटांचा उग्र वास खोबरेल चोळूनही जात नसे. एकदा मळणीच्या दिवशी खळ्यात तिनं मला जवळ बसवलं. "तू शाळेत शिकतंस. खरां सांग गो, माझो कुणगो उणो आसा काय?"

पलीकडे बाबा भात झोडत होते. त्यांचा हात थांबला...

"नाय गो काकी," मी म्हटलं, "दोनय सारखेच."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, याची मला आजही लाज वाटते. स्वतःचे तळहात पाहत ती म्हणाली, "मगे माझ्याच हाताक यश नाय."

आता बाबा नाहीत, काकीही नाही. कुणगे पडीक आहेत, मेरा ढासळल्या आहेत, आणि खरं माप ऐकायला कोणी उरलेलं नाही. त्या मळणीनंतर काकीनं स्वतःच्या हातानं कधी बी पेरलं नाही. दर मिरगाला, पेरणीच्या दिवशी, ती पदरात बियाण्याचं भात घेऊन आमच्या दारात उभी राही.

"तुझ्या हातान टाक गो," म्हणे.

आणि मी टाकत असे.