आर्थरचा एकमेव गोल

काल गुडघ्याला मलम चोळताना त्याचा झणझणीत वास घरभर पसरला आणि मला आमचे जुने शेजारी आर्थर आठवले. हे म्हातारे इंग्रज गृहस्थ लेकीजवळ राहायला नेदरलँड्समध्ये, आमच्या नीउ-व्हेनेप गावात आले होते आणि त्यांच्या अंगाला कायम असाच वास यायचा. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये पगारी फुटबॉल खेळले होते, सगळी वर्षं बचावफळीत.

एका उन्हाळ्यात, आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. दिवसभर गप्प बसून असायचे. एके काळी ते कोल्हापूरच्या एका पेठेच्या संघाचे फॉरवर्ड होते. एका दुपारी चहाला आलेल्या आर्थरनी सांगितलं, की उभ्या कारकिर्दीत त्यांनी एकही गोल केला नाही. मी भाषांतर केलं आणि बाबांचा कप हातातच राहिला.

“एक बी न्हाई? चल म्हणावं त्याला भाईर!”

मागच्या हिरवळीवर दोन सायकलींच्या मध्ये बाबा गोलकीपर म्हणून उभे राहिले. आर्थरनी किक मारली. चेंडू सरळ बाहेर चालला होता, पण बाबांनी अंग झोकून तो हातानं आत ढकलला आणि ओरडले, “गोल!”

“तो बाहेर जात होता,” आर्थर इंग्रजीत म्हणाले.

“नो, नो! गोल इज गोल!” गवतात आडवे पडलेले बाबा खदखदून हसत होते.

तेव्हा मला फक्त बाबांच्या हाडांची काळजी होती. आज मात्र ते हसणंच ऐकू येतं.

आर्थर पुढे गल्लीत भेटेल त्याला सांगायचे, “कारकिर्दीत एकच गोल केला, पण आंतरराष्ट्रीय सामन्यात. भारताविरुद्ध.”