तळहातावरचं राकेल

परवा भरवेलीच्या रस्त्यावर एका गॅरेजात इंजिनाचे सुटे भाग राकेलमध्ये धुवून काढत होते. त्या वासानं मला थेट आमच्या जुन्या अंगणात नेऊन उभं केलं.

बाबांची काळी गाडी बॉनेट उघडून उभी होती. चढ लागला की तिचं इंजिन टकटक वाजायचं. मागच्या दुरुस्तीत मेकॅनिकनं चांगला पार्ट काढून घेतला, अशी बाबांची खात्री होती. म्हणून त्यालाच बोलावून ते त्याच्या डोक्यावर उभे होते.

त्यानं बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग पेट्रोलची नळी काढून थोडं तळहातावर घेतलं. पेट्रोल उडून गेलं, पण हातावर तेलकट डाग राहिला.

“साहेब, याच्यात राकेल हाय. म्हणून इंजन ठोकून राह्यलं.”

“मंग तूच टाकलं असन!” बाबा कडाडले. “तुह्या हाताले तर रोजच वास येते!”

आई दारात उभी होती. स्टोव्हसाठी आणलेलं रेशनचं राकेल लवकर संपतं, म्हणून ती कितीतरी दिवस शेजारणीच्या नावानं बोटं मोडत होती. तिनं शांतपणे बाबांना विचारलं, “अन् तुमच्या सदऱ्याले काहून येते?”

परक्या माणसासमोर असं विचारलं म्हणून तेव्हा मला आईचाच राग आला. आता वाटतं, शेजारणीला ती इतक्या मोठ्यानं बोलायची, ते बाबा घरात असतानाच.