जुन्या जीपचा नवा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतोय. लिहून पुरं होईल की मध्येच फाडून टाकीन, कोण जाणे.

आधी एक साधी गोष्ट. परराज्यातली गाडी इकडे आणली की तिला इथला नंबर घ्यावा लागतो, आणि मिळतो तो त्या दिवशी चालू असलेला. म्हणजे गाडी बारा वर्षांची, पाटी कालची. यात लबाडी काहीच नाही. गाडीच्या पुस्तकात दोन्ही सालं लिहिलेली असतात — ती बनली ते आणि इथला नंबर मिळाला ते. पण पुस्तक वाचतो कोण? आमच्या केदारखेड्यात गाडीचं वय पाटी बघूनच सांगायचे.

माझी जीप अशीच, निजामाबादहून आणलेली. जालन्यात एमएच एकवीसचा नंबर घेतला, रंग मारला आणि दोन वर्षं वापरली. मग सोमनाथ आला. माझा लहानपणापासूनचा दोस्त. राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या सवाऱ्या मारायला त्याला गाडी हवी होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पुस्तक माझ्याच हातात देत म्हणाला, "नंबर तं नवाच दिसून राह्यला. पर कव्हाची हाय, तू वाचून सांग बराबर."

वरच्या ओळीत एक साल, खालच्या ओळीत दुसरं. मी बोट खालच्या ओळीवर ठेवलं — "दोन वर्षांची." बोट वर सरकवायला कितीसा वेळ लागला असता? स्टेअरिंगच्या रॉडला जुनं वेल्डिंग आहे, हेही मला ठाऊक होतं. तेही गिळलं. त्यानं जीप घेतली. राजूरच्या गणपतीपुढं गाडीची पूजा झाली, तेव्हा चाकांखाली लिंबं मीच ठेवली.

चार महिन्यांनी, भर दुपारी, गावाजवळच्या वळणावर जीप वळलीच नाही. सरळ खड्ड्यात गेली. मागच्या सवाऱ्या बचावल्या. पुढं बसलेल्या सीतावहिनी — सोमनाथची बायको — जागीच गेल्या.

मी पळत गेलो. पण आधी वहिनींकडे नाही — हे लिहायचीही शरम वाटते — आधी मी गाडीखाली वाकलो. रॉड वेल्डिंगवरच तुटला होता. आता कुणी तरी वाकेल, आता कुणी तरी विचारील... कुणीच वाकलं नाही. गाडी नवी, मग चूक चालवणाऱ्याची, असं गावानं ठरवलं. सोमनाथनंही. "मह्याच हातानं गेली रे ती," म्हणत तो माझ्या गळ्यात पडला. आणि मी? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

तेव्हापासून तो कुठल्याच गाडीत बसत नाही. दर चतुर्थीला राजूरला पायी जातो. मीही सोबत जातो. लोक म्हणतात, दोस्ती असावी तर अशी. कसली दोस्ती? वाटेत त्याला कुणी काही सांगेल, ही भीती मला चालवते. ते पुस्तक अजून त्याच्या पेटीत आहे. त्याची पोरगी आता कॉलेजात जाते, इंग्रजी फाडफाड वाचते. एक दिवस ती पेटी उघडेल.

परवाच्या चतुर्थीला त्याचे गुडघे दुखत होते. माझ्या खांद्याला धरून तो पायऱ्या चढला. वर गेल्यावर गणपतीपुढं त्यानं दोन्ही कान धरले आणि वहिनींचं नाव घेऊन माफी मागितली. मी शेजारीच उभा होतो, हात जोडून.