आबांची होडी आणि हट्टी स्टार्टर

गॅरेजात कुणी चहाला टेकलं की एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि दुरुस्तीला आलेली गाडी तशीच उभी राहते! साताऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात शेकडो ट्रक-ट्रॅक्टरांचे स्टार्टर मी खोलले. पण लोक अजून विचारतात ते आबांच्या होडीबद्दलच.

आबा म्हणजे फौजेतून रिटायर झालेला गडी. कोयनेचं धरण झालं आणि त्यांचं शेत फुगवट्याच्या पाण्याखाली गेलं. गाव पलीकडच्या काठाला, बाजार अलीकडं बामणोलीला. आबांनी चिपळूणच्या खाडीतली एक जुनी शिडाची होडी घेतली. पोटात डिझेल इंजिन, त्याला बटणाचा स्टार्टर. ती ट्रकवर चढवून कुंभार्ली घाटातून वर आणली!

वाटेत चहाच्या टपरीवर कुणीतरी खवचटपणे विचारलं, "आबा, साताऱ्यात समुद्र कवा आला वो?"

आबा म्हणाले, "माझं शेत बुडलं तवा!"

विचारणाऱ्यानं बशीत तोंड घातलं.

*

पहिल्याच दसऱ्याला आबांनी इंजिनाला रंग दिला. हिरवागार. हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. मला निरोप आला.

गेलो. बॅटरी भरलेली. बटण ठीक. सगळ्या वायरी शाबूत. शेवटी अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट खोलला, तर त्याच्याखाली रंगाचा जाड थर! आबांनी बोल्ट काढून, आतून रंगवून, परत लावला होता.

म्हटलं, "आबा, रंगातनं करंट जात न्हाई. हितला रंग खरवडाय लागंल."

"दसऱ्याचा रंग हाय, मिस्तरी. खरवडायचा न्हाई! करंटाला दुसरी वाट काढून द्या."

अख्खं इंजिन धुंडाळून, आबांचा ब्रश पोचला नव्हता असा एक बोल्ट शोधला आणि वायर तिथं नेली. असा बोल्ट एकच निघाला!

*

मग स्टार्टरचं वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळलं. तसलं काम तेव्हा सांगलीला व्हायचं. आबा आणि मी एसटीनं स्टार्टर मांडीवर घेऊन गेलो. वायंडिंगवाल्यानं तो वास घेऊन खाली ठेवला.

"ह्याचं काय व्हायचं न्हाई. भंगारात घाला, नवीन बगा."

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, दुकानाच्या दारात अंथरलं आणि त्यावर बसले.

"आवं, हे काय?"

"तुमास्नी सवड होईल तवा करा. मी हाय हितंच."

मी साताऱ्याला परतलो. आबा राहिले. गिऱ्हाइकांना पाणी द्यायचे, फौजेतल्या गोष्टी सांगायचे, वायंडिंगवाल्याच्या डब्यातली भाकरी खायचे. कुणी विचारलं, "हे पावणं कोण?" की तो कपाळाला हात लावायचा. "काय सांगू गड्या! जळका स्टार्टर आणलाय, आन् सासऱ्यावानी येऊन बसल्यात!"

शेवटी त्यानं तो स्टार्टर स्वतःच्या हातानं नव्या तारेनं गुंडाळून दिला. आणि आबांना एसटीत बसवून देताना तोच डोळे पुसत होता!

*

एकदा मी होडीवर असतानाच एक सरकारी साहेब तपासणीला आले. कडक माणूस. होडीत बसून म्हणाले, "इंजिन सुरू करून दाखवा. नाही झालं तर आजपासून होडी बंद."

होडी बंद म्हणजे तिच्यातून ये-जा करणाऱ्या पलीकडच्या माणसांना डोंगर तुडवत बाजार. आबांनी बटण दाबलं. "कट्!" एवढाच आवाज. परत दाबलं. "कट्!"

साहेबांनी पेन काढलं. तेवढ्यात होडी हलली. आबांच्या बायकोनं, हौसाक्कांनी, काठाचा दोर सोडून शीड वर ओढलं होतं!

"अहो बाई, थांबवा! थांबवा!"

"ब्रेक एसटीला असतोय, साहेब," हौसाक्का सुकाणू धरून म्हणाल्या. "हिला न्हाई!"

पलीकडच्या काठाला साहेब पिठलं-भाकरी जेवले. तोवर मी बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा क्षार सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला, क्लॅम्प आवळले. इंजिन पहिल्या दाबाला सुरू!

साहेब म्हणाले, "ठीक आहे. इंजिन चालू, असं लिहितो."

"शीड बी लिवा!" हौसाक्का म्हणाल्या.

*

आणि शेवंताच्या लग्नाला तर मी होतोच. शेवंता आबांची थोरली पोर, होडीवरच वाढलेली. लग्न लागलं, जेवणं झाली. टळटळीत दुपार, पानही हलत नव्हतं, म्हणजे शीड बिनकामाचं. नवरा-नवरी होडीत बसली. बामणोलीला वऱ्हाडाचा ट्रक उभा होता. आबांनी बटण दाबलं.

काहीच नाही.

नवऱ्याचे चुलते म्हणजे मोठं प्रस्थ. ते उठून उभेच राहिले.

"पोरीनं पाय ठेवला आन् इंजिन मेलं! लय वंगाळ अपशकुन हाय ह्यो. तिला ऱ्हाऊ द्या माहेरी, मागनं बगू काय ते."

हौसाक्कांचा चेहरा पांढरा पडला. आबांनी परत परत बटण दाबलं. नवरा खाली मान घालून बसलेला.

दोष स्टार्टरवरच्या डबीचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या स्विचचा, होता. तिचे दोन बोल्ट लोखंडानं जोडले की करंट सरळ स्टार्टरला जातो. मी घाईनं स्क्रू ड्रायव्हर काढला. तो निसटला, फळीवर आपटला आणि डुबुक्! गेला पाण्यात.

"बगा, दुसरा अपशकुन!" चुलते म्हणाले.

शेवंता उठली. नवऱ्याच्या हातातली कट्यार काढून घेतली. टोकाचं लिंबू उपसलं आणि चुलत्यांच्या हातात ठेवलं.

"धरा जरा, मामंजी."

कट्यारीच्या मुठीला जाड रुमाल गुंडाळलेला होता. शालू सावरत ती इंजिनापाशी वाकली आणि पातं दोन्ही बोल्टांवर आडवं टेकवलं. ठिणग्यांचा फुलबाजा उडाला! इंजिन गुरगुरलं, खोकलं, आणि धाडधाड चालू झालं.

तिनं काळी पडलेली कट्यार नवऱ्याला परत दिली, त्याच्या शेजारी बसली आणि पदर नीट केला. चुलते लिंबू धरून उभेच होते.

"घट्ट धरून बसा, मामंजी," शेवंता म्हणाली. "अपशकुन सुरू झालाय!"